नीलच्या जेटीवर देऊन टाकलेल्या दोन जागा

सगुणाच्या पायाची नखं कापली, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. सगुणा म्हणजे माझी बायको.

तिची कंबर वाकत नव्हती. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा मीच ब्लेडने तिची नखं काढून द्यायचो. घरी हे काम दार लावून चालायचं. आमच्या दिघोरीत कोणी पाहिलं असतं की म्हातारा बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसला आहे, तर पानठेल्यावर ती गोष्ट महिनाभर पुरली असती. पण नील बेटावर आम्हाला ओळखणारं कोण होतं? मुक्कामाच्या घराच्या पायरीवर, सकाळच्या उन्हात, सगळ्यांसमोर बसलो.

"अंगठ्याले सांभाळा. मागच्या खेपी रगत काढलं होतं तुमी."

"तू हलली म्हणून निंगालं."

"मी हलली? मले त मालूमबी नाही पडलं. खाली लाल दिसलं तवा समजलं."

हे खरं होतं. तिला साखरेचा आजार होता. घोट्याखाली तिला काटा, चटका, ठेच काहीच नीट कळत नसे.

घरमालकीण मिनतीदीदी अंगण झाडत होती. ती बंगाली. झाडू थांबवून तिने आमच्याकडे पाहिलं आणि केळीच्या झाडांत काम करणाऱ्या नवऱ्याला हाक मारली, "देखो, देखो! कुछ शिखो!" नवरा निखिल हसून पुन्हा केळीच्या आड गेला. सगुणाने लाजून पाय ओढला. मी सोडला नाही. अजून करंगळी राहिली होती.

त्या दिवसापासून मोजलं तर चौथ्या दिवशी ती गेली. तिकडेच अग्नी दिला. अस्थी आणल्या आणि कारध्याला वैनगंगेत सोडल्या. आता गावातले लोक बसायला येतात, हळहळतात आणि मग विचारतात, "समुद्र कसा असते गा, काका?" मी त्यांना रेती सांगतो, नारळ सांगतो. अर्धंच सांगतो. वाचनालयातले गुरुजी म्हणाले, लिहून द्या, फलकावर लावू. मी चौथी शिकलेला माणूस. पण अर्धं सांगून सांगून थकलो, म्हणून एकदा पूर्ण लिहितो.

पोर्ट ब्लेअर

आमचा एकुलता मुलगा धनराज नागपूरला कंपनीत आहे. आईने आयुष्यभर चिखलच पाहिला, एकदा समुद्र पाहावा, असं त्याच्या मनात. धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, घरात आला आणि त्याने आमची नावं नागपूरच्या एका सहलीत टाकून दिली. अंदमानची तीन बेटं, आठ दिवस.

सगुणा म्हणाली होती, "पाणीच पाहाले जायचं त आपला तलाव काय वाईट आहे?" पण पिशवी तिनेच आधी भरली.

विमानाचं काय लिहू. बसलो, कान दुखले, उतरलो. पोर्ट ब्लेअरचं नाव सरकारने बदललं आहे, पण रिक्षावालेही जुनंच नाव घेतात. आम्ही बावीस लोक होतो, सगळे नागपूर-भंडाऱ्याकडचे. सहलीचा मॅनेजर पंकज, चाळिशीचा, गळ्यात शिटी घालून फिरायचा. आमच्या जोडीला साकोलीचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको होती. बोलायला आपल्याकडचं कोणी असलं की परका मुलूखही तालुक्यासारखा वाटतो.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी नुसता उभा राहिलो. आपल्या तलावाला बांध असतो. बांधावर उभं राहिलं की पाणी किती आणि ते किती दिवस पुरेल, हे मी डोळ्याने सांगू शकतो. तीस वर्षं मी गावचा पाणकर आहे. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती वेळ सोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. माझ्या शब्दावर गावाचा धान पिकतो. आणि इथे हे एवढं पाणी, आणि त्याला पाणकर नाही. मला ते काही बरं वाटलं नाही.

लाट पायाला लागली तेव्हा, खाली वाकता येत नाही म्हणून, सगुणाने पदराचं टोक पाण्यात सोडून ओलं केलं आणि जिभेला लावलं.

"खरंच खारट आहे वो. म्हणजे लोक खोटं नाही बोलत."

हॅवलॉक

बोटीत मला उलट्या झाल्या. सगुणाला काही झालं नाही. ती माझं कपाळ धरून बसली आणि पोस्टमास्तरच्या बायकोला सांगत होती, "तलावात डोंग्यावर उभे राहून जाळं फेकत होते म्हणे हे. दिसते न तुमाले?" सगळी बोट हसली. मला हसायलाही जमत नव्हतं.

हॅवलॉकची रेती पांढरी आहे, तांदळाच्या कणीसारखी बारीक. झाडं पार पाण्यापर्यंत आलेली. पाण्याचा रंग मी सांगू शकत नाही, मोराच्या गळ्याला कधी कधी असतो तसा. जेवायला मासोळी. मला वाटत होतं, समुद्राची मासोळी आधीच खारट असेल. तसं नाही. तिलाही मीठ घालावंच लागतं. सगुणाने आचाऱ्याच्या मागे उभं राहून ते पाहून घेतलं, मगच तिचा विश्वास बसला. चव चांगली, पण आपल्या तलावातल्या मासोळीची नाही. चिखलाचा वास नसला की मासोळी अधुरी वाटते.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. किनाऱ्यावर लाल झेंडे लावले. पंकजचा फोन सारखा वाजत होता. समुद्रात कुठेतरी हवेचा दाब कमी झाला आहे, बोटींचं काही खरं नाही. नीलला जाणारी आमची बोट चार तास उशिरा आली. जेटीवर लोक पंकजला घेरून उभे. कोणी म्हणे सरळ परत जाऊ, कोणी म्हणे पैसे भरले आहेत, तिसरं बेट पाहूनच जाऊ. पंकजने हात वर करायला लावले. आमचे दोघांचे हात नीलच्या बाजूने होते. हेही लिहून ठेवतो.

नील

नील लहान बेट आहे. उतरून थोडं चाललो आणि सगुणा रस्त्यातच थांबली.

"अवो, धान!"

खरंच धानाच्या बांध्या होत्या. नारळाच्या झाडांमध्ये, बांध घातलेल्या, कापणीला आलेल्या. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि समोर आपलं वावर. तिने लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाली, "जाड आहे. आपल्या चिन्नोरची सर नाही." पण चेहरा असा खुलला होता की समुद्र पाहूनही तसा खुलला नव्हता. त्या बांध्या मिनतीदीदी आणि निखिलच्या निघाल्या. त्यांच्या बापांना फाळणीनंतर इकडे आणून जमीन दिली होती. जंगल तोडून त्यांनी बांध्या काढल्या. आमची सोय त्यांच्याच घरी होती. सगुणा आणि मिनतीदीदी, एकीला बंगाली येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, आणि दोघी रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर, तासभर बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नखं कापली. आणि त्याच दुपारी आम्ही ओहोटी पाहायला गेलो.

तलावाचं पाणी खाली जायला पूर्ण उन्हाळा लागतो. इथे दुपारपर्यंत समुद्र अर्धा कोस मागे गेला. मागे खडकाळ जमीन उघडी पडली, जागोजागी डबकी, डबक्यांत निळ्या-पिवळ्या मासोळ्या. तिथल्या माणसाने रबरी बूट दिले होते. सगुणाने चार पावलं टाकली आणि पायानेच ओढून बूट काढले.

"चिखलात जोडे घालून कोण जाते? बांधीत चप्पल नेली त माय पाठीत धपाटा घाले."

आपल्याकडे बांधीत जोडे घालून जात नाहीत. एक तर चिखल जोडा ओढून घेतो. आणि दुसरं, धान म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर जोड्याने पाय द्यायचा नाही. ही सवय साठ वर्षांची. मी तिला अडवलं नाही. उलट माझेही काढले. तिने खडकावर बसकण मारली, बांधीतल्यासारखा दगडाखाली हात घालून खेकडा पकडला आणि पोस्टमास्तरच्या बायकोच्या मागे लागली. खूप हसलो त्या दिवशी.

संध्याकाळी पाय धुताना तिला तळव्याला चीर दिसली. दोन बोटं लांब. कडा पांढऱ्या पडलेल्या. दगडासारखं दिसणारं ते पोवळं होतं म्हणे, काचेसारखं कापतं. तिला कळलंच नव्हतं. मिनतीदीदीची हळद भरली, चिंधी बांधली. दुखत नव्हतं म्हणून आम्हाला वाटलं, काही नाही. आमचा गावाकडचा डॉक्टर सांगायचा, पायाला जपा. पण तो तर भात खाऊ नका म्हणूनही सांगायचा. त्याचं किती ऐकणार?

जेटी

सकाळी ती म्हणाली, "पाय जड वाटून राहिला. अंगबी कसकस करते."

मी म्हणालो, "आज पोर्ट ब्लेअरले पोचतोच आहो. तिथं दाखवू."

एवढं बोलून आम्ही जेटीवर गेलो. तिथे निम्मं बेट गोळा झालं होतं. बंदरवाल्यांनी सांगितलं होतं की ही एक बोट सुटेल आणि मग समुद्र शांत होईपर्यंत सगळं बंद. पंकजला बावीसपैकी वीस जागा मिळाल्या होत्या. यादीत ज्यांची नावं खाली होती ते दोघं राहणार होते. ते दोघं म्हणजे पोस्टमास्तर आणि त्यांची बायको.

त्यांच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेलं होतं. घरी दुसरं कोणी नव्हतं. पोस्टमास्तरची बायको बॅगेवर बसून रडत होती.

"फक्त एका दिवसाचा प्रश्न आहे," पंकज म्हणत होता. "उद्या सकाळी नक्की बोट. कोणीतरी ॲडजस्ट करा."

सगळे जमिनीकडे पाहत होते.

आता माझी खोड सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या तलावावर एक रीत आहे. पाणकराच्या बांधीला पाणी सगळ्यात शेवटी. आधी गावाचं, मग त्याचं. तसं नसलं तर त्याच्या शब्दाला मान राहत नाही. मी तीस वर्षं ही रीत पाळली. एक-दोन वर्षं असं झालं की माझी पाळी येईपर्यंत तलाव आटला. गावाने माझी वाहवा केली. सगुणाने तेव्हा एकच वाक्य म्हटलं होतं, "तुमचा मान वाढते, न बांधी माझी वाळते."

जेटीवर मला ते वाक्य आठवलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की अडचण आहे आणि सगळे गप्प आहेत. अशा वेळी मी बोलायचं, ही माझी सवय.

"आमच्या दोन घ्या," मी म्हणालो. "आम्ही म्हातारे, आमाले कायची घाई आहे?"

मागून सगुणाने माझा सदरा ओढला. एकदा. मला कळलं. मी वळून पाहिलं नाही.

पोस्टमास्तर माझ्या पाया पडले. माझ्याच वयाचा माणूस. "देवमाणूस आहात तुम्ही," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते गोड लागलं. खोटं कशाला लिहू.

बोट गेली. आम्ही दोघंच जेटीवर. वारा असा की तिचा पदर हातात राहत नव्हता.

"पुसलं असतं त काय बिघडलं असतं?" ती म्हणाली.

"एका दिवसाची त गोष्ट आहे."

"तुमची नेहमी एका दिवसाचीच राह्यते."

मग ती लंगडत चालायला लागली. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या पायाकडे नीट पाहिलं. घोटा दिसत नव्हता, इतका सुजला होता.

बंद

दुपारी ताप भरला. रात्रभर उतरला नाही. सकाळी मिनतीदीदी आणि निखिलने गाडीत घालून आम्हाला बेटावरच्या लहान दवाखान्यात नेलं. पाऊस आडवा येत होता. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने चिंधी सोडली आणि तिचा चेहरा बदलला. तळव्यापासून पोटरीपर्यंत लाल, आणि मधेमधे काळे-निळे फोड. तिने सलाईन लावली, दोन-तीन इंजेक्शनं दिली, मग पेन घेऊन जिथे लाली संपत होती तिथे पायावर रेघ ओढली.

"बाबा, ये लाइन देखते रहना. लाली इसके ऊपर जाए तो बोलना."

तलावाच्या दगडावर पाण्याच्या खुणा असतात. तीस वर्षं मी त्या पाहिल्या. तशी मी ती रेघ पाहत बसलो. तासाभरात लाली रेघेला लागली. दुपारी दोन बोटं वर गेली. तिने दुसरी रेघ ओढली. निखिलने धनराजला फोन लावून दिला, तो म्हणाला, मिळेल त्या विमानाने निघतो.

सगुणाला पोर्ट ब्लेअरला न्यायलाच पाहिजे होतं. तिथे पाय उघडून आतलं सडकं काढतील, इथे ते होत नाही. डॉक्टरीण एका खोलीत फोनवर होती, मी दाराशी. हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नाही. बोटी बंद. ती पुन्हा फोन लावायची, पुन्हा तेच. एकदा ती फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आमच्या धनराजपेक्षाही लहान.

मी निखिलला म्हणालो, कोळ्यांना विचार. तो पावसात गेला. तासाने आला.

"बाबा, कोई नहीं जाएगा। जाएगा तो सब मरेगा।"

मी त्याला वाईट बोललो. तुझी बायको असती तर गेला असता, असं म्हणालो. तो ओल्या अंगाने कोपऱ्यात बसून राहिला. सगुणाने डोळे उघडले.

"त्याले कायले बोलता? त्याचा धान पाह्यला का? या वाऱ्यानं झोपला असन पूरा."

मी खिडकीतून पाहिलं. समोरच बांध्या होत्या. उभा पिकलेला धान जमिनीला टेकला होता. कापायचं सोडून तो माणूस आमच्याजवळ बसला होता. मी त्याच्याकडे जाऊन बसलो. माफी मागायचे शब्द मला हिंदीत येत नव्हते. मराठीतही येत नाहीत.

संध्याकाळी डॉक्टरिणीने तिसरी रेघ ओढली. गुडघ्याच्या वर.

समुद्र

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नखं कापल्यापासून चौथ्या दिवशी, सकाळी वारा थोडा पडला. डॉक्टरिणीने कोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण एक सरकारी बचावाची बोट आली. लहान, नारिंगी. डॉक्टरीण स्वतः बसली. मिनतीदीदीही कोणी न सांगता बसली. तिने निखिलला नुसतं एवढं म्हटलं, गाय बांध.

स्ट्रेचर बोटीला दोरीने बांधलं. सलाईनची बाटली मी धरली. लाट आली की बोट वर जायची आणि मग खाली अशी आपटायची की दात वाजायचे. मला या वेळी उलटी झाली नाही. मी फक्त बाटलीकडे पाहत होतो. थेंब पडतो आहे तोपर्यंत ठीक आहे, असं मनात धरलं होतं.

मधेच ती शुद्धीवर आली. बोटीचा आवाज इतका की मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"धनू येऊन राहिला का?"

"येऊन राहिला. विमान बंद होते. उद्या सकाळी येते."

"त्याले सांगजा, आईच म्हणे का थांबू म्हणून. जागा आईनंच देल्ल्या म्हणून सांगजा."

"चूप राह्य."

"तो तुमच्यावर चिडल. मग बोलन नाही. तुमी दोघं सारखेच आडमुठे. मी नसली त तुमच्यात कोण बोलन?" ती थांबली. "सांगजा."

"हो," मी म्हणालो. "सांगतो."

"शपथ?"

"शपथ."

ती अजून काहीतरी बोलली, पण लाट आली आणि मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. थेंब पडत होता.

पुन्हा पोर्ट ब्लेअर

जेटीवर गाडी उभीच होती. दवाखान्यात तिला धावत आत नेलं. एका डॉक्टरने मला सांगितलं, पाय मांडीपासून काढावा लागेल, तरीही सांगता येत नाही. कागद पुढे केला. मी सही केली. माझी सही मोठी असते, रेघेच्या बाहेर जाते. तो म्हणाला, चालेल.

पाय काढण्याची पाळीच आली नाही. दुपारी चारच्या आधी ती गेली. डॉक्टर म्हणाला, विष रक्तात पसरलं होतं. एक दिवस आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. त्याने मला बोल लावला नाही. त्याला काय माहीत. त्याने नुसती खरी गोष्ट सांगितली.

मिनतीदीदी तिच्याजवळ गेली. तिने कुठूनतरी शेंदूर आणला होता. त्यांच्या बंगाल्यांत सवाष्ण बाई गेली की भांगात शेंदूर भरतात. आपल्याकडे कुंकू लावतात. मी म्हणालो, भर. तिने भरला आणि मग भिंतीशी बसून मोठ्याने रडली. मी तिथे उभा राहून तिचं रडणं ऐकत होतो. माझ्या वाटचंही तीच रडत होती.

पंकज आला. बाकीची मंडळी विमानं सुरू होण्याची वाट पाहत हॉटेलात होती. पोस्टमास्तरला नातू झाला, असं तो सांगून बसला आणि मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. मी म्हणालो, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं होतं.

मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, धनराजभाऊंचा फोन आला होता. मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी बोटीत जागाच नव्हत्या. तुम्हीही तेच म्हणा. आता त्यांच्या मनात आणखी कायले काही टाकायचं?"

तो वाईट माणूस नाही. त्याला वाटलं, तो माझ्या भल्याचं करतो आहे. सगुणालाही तेच वाटत होतं. रात्री हॉटेलात पलंगावर पडलो आणि तेच डोक्यात. एकीकडे पंकजचं सांगणं, दुसरीकडे तिची शपथ. दोन्हीकडून मला सोडवून ठेवलं होतं. फक्त तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि एकटाच विमानतळावर गेलो. पंकज येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

आभाळ स्वच्छ झालं होतं. बाहेर टॅक्सीवाले नवीन आलेल्या लोकांना बेटांचे फोटो दाखवत होते. हॅवलॉक, नील, हॅवलॉक, नील. लोक टोप्या घालून हसत बाहेर येत होते. त्यांच्यामध्ये धनराज दिसला. पाठीवर एक बॅग. दाढी वाढलेली. त्याने मला पाहिलं आणि लोकांना बाजूला सारत आला. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि तसाच माझ्या गुडघ्याला धरून रडायला लागला. पस्तीस वर्षांचा माणूस.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

तो उठला. नाक पुसलं. "बाबा, त्या दिवशी एकबी जागा नव्हती का हो? आईपुरती एकबी?"

मी तिच्यासमोर शपथ घेतली होती. पण आयुष्यभर तिच्या वाट्याचं मी तिला न विचारता वाटत आलो. आता माझी चूकही तिच्याच माथी मारू? ती मेल्यावर?

"होत्या," मी म्हणालो. "दोन होत्या. आपल्याच होत्या. मी देऊन देल्ल्या."

"आईनं म्हटलं?"

"आईले पुसलंच नाही. तिनं मागून माझा सदरा ओढला होता. मी वळून पाह्यलं नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला.  एक टॅक्सीवाला आमच्या मध्ये येऊन म्हणाला, "घूमने जाना है, साहब?" धनराजने त्याला हाताने दूर केलं. त्याच्या पाठीवरची बॅग खांद्यावरून घसरली. मी ती घ्यायला हात पुढे केला. त्याने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चला," म्हणाला.

नुसतं चला. बाबा म्हणाला नाही. तो पुढे निघाला आणि मी त्याच्या मागे चालू लागलो.